सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होत नाही? हेड उतरवण्याआधी कॉम्प्रेशन मोजून घ्या

सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी ठणठणीत आहे, पण इंजिन काही केल्या पकडत नाही. मेस्त्री येतात, प्लगला करंट आहे, पेट्रोलही येतंय असं सांगतात आणि मग म्हणतात, ‘कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन उघडावं लागेल.’ इथे येऊन अडकलेले वाचक पुन्हा पुन्हा तेच तीन प्रश्न विचारतात. कॉम्प्रेशन खरंच गेलंय हे ओळखायचं कसं? गेलं असेल तर नेमकं कुठून? आणि इंजिन उघडायला ‘हो’ म्हणायचं की नाही?

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर आल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. प्लगच्या जागी गेज लावून मोजणं हे बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत तासाभराचं काम आहे. हेड उतरवायचं म्हटलं की नवं गॅस्केट आलं, काही इंजिनांत नवे हेडबोल्ट आले, लेथवरची खेप आली आणि गाडी दोन-चार दिवस गॅरेजात अडकली. शिवाय कॉम्प्रेशन कमी भरण्याची काही कारणं अशी आहेत, की त्यांच्यासाठी हेडला हातही लावावा लागत नाही. ती आधी तपासून बाजूला काढणं तुमच्या हिताचं आहे.

पुढचं सगळं मुख्यतः पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलचं गणित वेगळं आहे, ते पुढे स्वतंत्र दिलं आहे.

निर्णयापुरतं एवढं लक्षात ठेवा

पिस्टन वर येताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते. ती तीन वाटांनी निसटू शकते: पिस्टन-रिंगांच्या बाजूने खाली, नीट न मिटलेल्या व्हॉल्व्हमधून, किंवा फुटलेल्या हेड गॅस्केटमधून. चौथी शक्यता अशी, की गळती कुठेच नाही, पण टायमिंग बेल्ट किंवा चेन सरकल्यामुळे व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात आणि हवा दाबलीच जात नाही. पाचवी शक्यता म्हणजे हवा आत पुरेशी आलीच नाही. खालच्या सगळ्या चाचण्या या पाचांतलं एक शोधण्यासाठी आहेत.

आणखी एक गोष्ट, जी गॅरेजात क्वचितच सांगितली जाते. तीन किंवा चार सिलिंडरच्या गाडीत एकाच सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलं, तर गाडी सहसा सुरू होते. ती थरथरते, मिसिंग करते, चढावर दम टाकते, पण सुरू होते. गाडी अजिबातच सुरू होत नसेल, तर दोन किंवा अधिक सिलिंडर बसलेत, नाहीतर कारण इंधन, करंट किंवा सेन्सरमध्ये आहे. ‘तीन नंबरचं कॉम्प्रेशन कमी आहे, म्हणून गाडी सुरूच होत नाही’ असं कुणी म्हणालं, तर बाकीची तपासणी पूर्ण झाली का हे विचारा. टाटा नॅनोसारख्या दोन सिलिंडरच्या गाडीत मात्र एक सिलिंडर गेला तरी इंजिन उचलत नाही.

आधी कान द्या

निरोगी इंजिनावर सेल्फ मारला की आवाजात ठेका असतो. प्रत्येक सिलिंडरच्या दाबाला सेल्फ किंचित अडतो, पुन्हा सुटतो. तो ठेका सारखा असेल तर कॉम्प्रेशन सगळीकडे साधारण सारखं आहे. मधेच एक ठोका हरवल्यासारखा वाटला, सेल्फ तिथे सुर्रकन पुढे गेला, तर एक सिलिंडर रिकामा फिरतोय. आणि ठेकाच नाही, इंजिन नेहमीपेक्षा वेगाने शिलाई मशीनसारखं सरसर फिरतंय, तर सगळ्या सिलिंडरचा दाब एकदम गेलाय. अशा वेळी पहिला संशय टायमिंग बेल्ट किंवा चेनवर घ्या आणि तिथेच थांबा. काही इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात. सेल्फ मारत राहिलात किंवा गाडीला धक्का दिलात, तर बेल्टच्या खर्चात व्हॉल्व्हचा खर्च मिळवाल.

गेज लावण्याआधीची स्वस्त तपासणी

- कॅम फिरतोय का? बऱ्याच इंजिनांत ऑइल भरण्याचं झाकण उघडलं की आतला कॅमशाफ्ट किंवा रॉकर दिसतो. एकाने क्षणभर सेल्फ मारावा, दुसऱ्याने दुरून टॉर्च मारून पाहावं. क्रँक फिरतोय आणि कॅम स्थिर आहे, म्हणजे बेल्ट किंवा चेन तुटली. पुढची एकही चाचणी लागत नाही. कॅम फिरतोय, एवढ्यावरून टायमिंग बरोबर आहे असं मात्र समजू नका. एक-दोन दाते सरकलेले असू शकतात, आणि ते खुणा जुळवूनच कळतं.
- इंजिन पेट्रोलने धुतलं गेलंय का? गाडी पार्किंगमधून फूटभर सरकवायला सुरू केली आणि लगेच बंद केली, असं एकदोनदा झालं, की थंड इंजिनात गेलेलं जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन टाकतं. रिंगांना सील करणारा तेलाचा थर गेला, की चांगल्या इंजिनाचंही कॉम्प्रेशन कमी भरतं. प्लग ओले आणि पेट्रोलचा वास, ही त्याची खूण. याचा इलाज पुढे दिला आहे, त्यासाठी इंजिन उघडावं लागत नाही.
- हवेची वाट मोकळी आहे का? एअर फिल्टरचा डबा उघडून पाहा. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी तिथे कापूस, पालापाचोळा, फोम भरून ठेवलेला सापडतो. त्याच उंदरांनी वायरही कुरतडलेली असू शकते.
- कूलंट आणि ऑइल पाहा. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी वारंवार कमी होत होतं का, गाडी अलीकडे तापली होती का, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ आहे का? नुसत्या झाकणाखालच्या पिवळट फेसावरून मात्र गॅस्केट गेलं असं ठरवू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत तो दमटपणामुळेही येतो.
- शेवटचं काम कोणतं झालं? गाडी टायमिंग, हेड किंवा टॅपेटच्या कामानंतर सुरू होईनाशी झाली असेल, तर दोष बहुधा त्याच कामात आहे. तिथूनच सुरुवात करा.

मोजणी कशी व्हायला हवी

तुम्ही स्वतः करत असाल किंवा मेस्त्रींच्या शेजारी उभे असाल, क्रम हाच ठेवा. यातली एक पायरी चुकली, तरी आकडे खोटे येतात आणि खोट्या आकड्यांवर इंजिन उघडलं जातं.

1. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या; शंका असेल तर चार्जर किंवा दुसरी बॅटरी जोडा. सेल्फ मंद फिरला, तर सगळेच आकडे कमी येतात.
2. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट लावलेली. सीएनजी असेल तर टाकीवरचा व्हॉल्व्ह बंद. बॉनेटजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत.
3. इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर सोडवा. हे टाळू नका. उघड्या प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ उडत असताना ठिणगी पडली, तर आग लागते.
4. प्लगभोवतीची धूळ-माती हवेने उडवा, मग सगळे प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा. कुठला कोरडा, कुठला पेट्रोलने ओला, कुठला तेलकट, कुठला वाफेने धुतल्यासारखा स्वच्छ, हे लिहून घ्या. तेलकट प्लग रिंगा किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे बोट दाखवतो, धुतल्यासारखा स्वच्छ प्लग कूलंट सिलिंडरमध्ये येत असल्याची शक्यता सांगतो.
5. आट्यांनी बसणारं गेज वापरा. हाताने दाबून धरायच्या रबरी टोकाच्या गेजमध्ये हात हलला की आकडा पडतो. नव्या इंजिनांचे प्लग बारीक आट्यांचे असतात, त्यामुळे योग्य अडॅप्टर हवा.
6. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा. थ्रॉटल बंद असेल तर हवा आत येत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसतं. तारेऐवजी विजेवर चालणाऱ्या थ्रॉटलमध्ये पेडल दाबल्यावर पाकळी खरंच उघडते का, हे एअर पाइप काढून एकदा डोळ्यांनी पाहा. तिथे बोट घालू नका.
7. प्रत्येक सिलिंडरला सारखेच, पाच-सहा दाब बसेपर्यंत सेल्फ मारा. पहिल्या दाबाचा आकडा आणि शेवटचा आकडा, दोन्ही लिहा. दोन सिलिंडरच्या मध्ये सेल्फला थोडी विश्रांती द्या.

एरवी ही मोजणी गरम इंजिनावर करतात. सुरूच न होणाऱ्या गाडीत तो मार्ग नाही. थंड इंजिनावर आकडे थोडे कमी येणार, हे धरून चाला.

आकडे वाचायचे कसे

गेजवर पीएसआय, बार किंवा किलो अशी एककं असतात. १ बार म्हणजे साधारण १४.५ पीएसआय, आणि १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर हे जवळजवळ १ बारच. निरोगी पेट्रोल इंजिनात बहुधा ११ ते १४ बार, म्हणजे १६० ते २०० पीएसआय मिळतात. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा आणि किमान मर्यादा कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते. तीच अंतिम माना. सगळे सिलिंडर ७ बारच्या, म्हणजे १०० पीएसआयच्या खाली असतील, तर गाडी सुरू होणं कठीण.

ठिकाणाचाही फरक पडतो. उंचावर हवा विरळ, म्हणून आकडा कमी. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे तेच इंजिन मुंबईपेक्षा १२ ते १५ टक्के कमी दाखवील. तो इंजिनाचा दोष नव्हे.

खरं महत्त्व आहे ते सिलिंडरांमधल्या फरकाला. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर कमी भरणाऱ्याची चौकशी करा. काही नमुने असे:

- सगळे सारखेच कमी: टायमिंग सरकलं, पेट्रोलने धुलाई झाली, थ्रॉटल बंद राहिला किंवा सेल्फ मंद फिरला. चारही सिलिंडरच्या रिंगा एका रात्रीत झिजत नाहीत. कालपर्यंत ठीक चालणारी गाडी आज सगळीकडे सारखा कमी आकडा दाखवत असेल, तर ‘रिंगा गेल्या’ हे निदान मान्य करू नका.
- शेजारचे दोन कमी, बाकी ठीक: समजा, १७०, १६५, ९०, ८५ असे पीएसआय आले. तीन आणि चार यांच्या मधल्या गॅस्केटची पट्टी जळाल्याचा दाट संशय.
- एकच शून्याजवळ: व्हॉल्व्ह जळाला, वाकला किंवा उघडा अडकला, क्वचित पिस्टनला भोक.
- पहिला दाब कमी, मग हळूहळू चढत जाणारा आकडा: बहुधा रिंगा.
- पहिला दाब कमी आणि पुढेही तिथेच रखडलेला: बहुधा व्हॉल्व्ह.

शेवटच्या दोन ओळींतलं ‘बहुधा’ तसंच राहू द्या. त्यावर शिक्कामोर्तब पुढच्या दोन चाचण्या करतात.

चमचाभर तेलाची चाचणी

कमी भरणाऱ्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून ५ ते १० मिलिलिटर, म्हणजे चहाचे एक-दोन चमचे इंजिन ऑइल सोडा. दोन-तीन सेकंद सेल्फ मारून ते पसरू द्या आणि पुन्हा मोजा. आकडा ठळकपणे वाढला, तर तेलाने रिंगांची फट तात्पुरती भरली. दोष रिंगांचा, बोअरचा किंवा धुतल्या गेलेल्या भिंतींचा. आकडा जवळजवळ तिथेच राहिला, तर वाट व्हॉल्व्हची किंवा गॅस्केटची आहे. तेल जास्त ओतू नका: द्रव दाबला जात नाही, पिस्टनच्या वरची जागा लहान होते आणि आकडा उगाचच फुगतो.

सगळे सिलिंडर तेलाने वर आले, गाडी आधी धूर मारत नव्हती, ऑइल खात नव्हती आणि प्लग पेट्रोलने ओले होते, तर इंजिन धुतलं गेलं होतं. प्लग बाहेर असतानाच, फ्यूज आणि कॉइल सुटलेले ठेवून, काही सेकंद सेल्फ मारून जादा पेट्रोल बाहेर फेकू द्या. भोकांच्या समोर कुणी उभं राहू नये. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल, कोरडे किंवा नवे प्लग, सगळं जोडून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारला की इंधन रोखलं जातं. इंजिन फडफडायला लागलं की पेडल सावकाश सोडा. सुरुवातीला बराच धूर येईल, तो तेलाचा आहे. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल लगेच बदला.

हवा भरून गळती शोधणं

ही चाचणी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि तीच सगळ्यात कमी वेळा होते. संशयित सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत अगदी वर आणायचा, म्हणजे दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचं.

- थ्रॉटलच्या तोंडाशी फुसफुस: इनलेट व्हॉल्व्ह.
- सायलेन्सरमधून: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.
- ऑइलच्या झाकणातून किंवा डिपस्टिकच्या नळीतून: रिंगा, बोअर, पिस्टन.
- रेडिएटरमध्ये बुडबुडे: गॅस्केट किंवा तडकलेलं हेड.
- शेजारच्या प्लगच्या भोकातून: दोन सिलिंडरमधलं गॅस्केट.

लीकडाऊन गेज असेल तर गळती टक्क्यांत कळते. १० टक्क्यांपर्यंत उत्तम, २० पर्यंत चालणारं, ३० च्या पुढे दुरुस्ती हवी, असा ढोबळ हिशेब. गेज नसलं तरी नुसता कॉम्प्रेसर आणि प्लगच्या आट्यांची नळी पुरते, कारण इथे खरं काम कानांचं आहे. हवा सोडताना इंजिन अचानक फिरू शकतं. क्रँकच्या बोल्टवर पाना अडकवून ठेवला असेल, तर तो हात मोडेल. पाना आधी काढायला सांगा.

पाण्यातून गेलेली गाडी: एक फसवा प्रकार

अंधेरी सबवेसारख्या ठिकाणी साचलेल्या पाण्यात गाडी घातली, ती बंद पडली आणि पुन्हा सेल्फ मारला, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेल्या रॉडची उंची कमी होते, पिस्टन पूर्ण वर पोचत नाही, कॉम्प्रेशन कमी भरतं. पण रिंगा, व्हॉल्व्ह, गॅस्केट सगळं शाबूत असतं. म्हणून तेल घालून आकडा फारसा बदलत नाही आणि हवा भरली तर गळतीही सापडत नाही. कॉम्प्रेशन कमी, गळती नाही, असं दिसलं तर रॉड वाकलाय का, कॅमची नाकं झिजलीत का, टायमिंग सरकलंय का, या तिन्हींचा विचार करायला सांगा. रॉडचा संशय असेल, तर प्रत्येक पिस्टन किती उंचीपर्यंत वर येतो हे प्लगच्या भोकातून मोजून तुलना करता येते.

२०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला झालं तसं उभ्या गाडीत पाणी शिरलं असेल, तर किल्लीला हात लावू नका. बॅटरी सोडवा, प्लग काढून पाणी बाहेर येऊ द्या, ऑइल बदला, इंजिन हाताने फिरतंय का पाहा, त्यानंतरच सेल्फ. पाण्याने बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या सर्वंकष पॉलिसीत अनेक विमा कंपन्या नाकारतात. ‘इंजिन प्रोटेक्ट’ हे जोड-संरक्षण घेतलंय का आणि त्याच्या अटी काय आहेत, ते पावसाळ्याआधी वाचून ठेवा. पाण्यातल्या गाडीचे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, आणि सर्व्हेअर येईपर्यंत इंजिन उघडू देऊ नका.

सीएनजी गाड्यांचा खास मुद्दा

सीएनजी कोरडा जळतो. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांची झीज त्यात जास्त होते, विशेषतः नंतर किट बसवलेल्या गाड्यांत. व्हॉल्व्ह सीटमध्ये रुतत वर जातो आणि टॅपेटची फट कमी होत होत संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि शेवटी व्हॉल्व्ह जळतो. इथे एक समज बदलायला हवा. टॅपेटची टकटक बंद झाली म्हणजे इंजिन सुधारलं, असं नाही. फट संपल्यामुळेही आवाज थांबतो. टकटक ऐकू येणाऱ्या टॅपेटपेक्षा घट्ट झालेला टॅपेट जास्त घातक आहे.

म्हणून सीएनजी गाडीत व्हॉल्व्ह गळतोय असं दिसलं, तर हेड उतरवण्याआधी थंड इंजिनावर टॅपेटची फट फीलर गेजने मोजून घ्या. फट नसेल तर ती जुळवून पुन्हा कॉम्प्रेशन मोजा. वेळेत पकडलं, तर एवढ्यावर भागतं. स्क्रूने जुळणारे टॅपेट असतील तर काम लवकर होतं. शिम किंवा मापाच्या टोप्या असतील तर वेळ आणि सामान जास्त लागतं. हायड्रॉलिक टॅपेट असतील, तर ही फट हाताने जुळवायची नसते.

डिझेल असेल तर

- पेट्रोलचं गेज लावू नका. डिझेलमध्ये दाब २५ ते ३० बारच्या घरात, कधी त्याहूनही वर जातो. गेज आणि अडॅप्टर वेगळे. ते ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकात बसतं.
- तेलाची चाचणी डिझेलमध्ये करू नका. दाबाची जागा इतकी लहान असते, की चमचाभर तेलानेही आकडा फसवा येतो, आणि जास्त तेल पडलं तर रॉड वाकण्याची भीती.
- थंडीत सुरू न होणारी आणि दुपारी सुरू होणारी डिझेल गाडी आधी ग्लो प्लगसाठी तपासा.
- अनेक कॉमन रेल गाड्यांत स्कॅनर जोडून, सेल्फ मारताना प्रत्येक सिलिंडरला इंजिनाचा वेग किती घटतो हे पाहता येतं. त्यावरून कुठला सिलिंडर कमकुवत ते काहीही न उघडता कळतं. गेजच्या आधी हे करून घ्या.

कारण सापडलं, आता पर्याय

टायमिंग: नव्या बेल्टबरोबर टेन्शनर आणि आयडलरही बदला. बसवून झाल्यावर सेल्फ मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायला सांगा. कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं. मग कॉम्प्रेशन मोजायचं. आकडे आले तर व्हॉल्व्ह वाचले. नाही आले, तर हेड उतरवणं आता कारणासह ठरलं.

गॅस्केट: नुसतं नवं गॅस्केट घालून हेड परत बसवू देऊ नका. हेडचा पृष्ठभाग सपाट आहे का हे पट्टी आणि फीलरने पाहिलं का, तडा आहे का याची प्रेशर टेस्ट केली का, विचारा. गाडी तापलीच का, हे शोधलं नाही, तर नवं गॅस्केटही तसंच जळेल. पंखा, थर्मोस्टॅट, पाण्याचा पंप, रेडिएटर या क्रमाने पाहा.

व्हॉल्व्ह: सीट कटिंग, लॅपिंग, नव्या सील, लागतील ते व्हॉल्व्ह नवे. हेड परत बसण्याआधी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून व्हॉल्व्ह पाझरतात का, ते तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

रिंगा आणि बोअर: ‘फक्त रिंगा टाकून देतो’ हा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात फसणारा पर्याय आहे. बोअर गेजने सिलिंडर किती लंबगोल आणि किती निमुळता झालाय ते मोजलं, तरच रिंगा पुरतील की रीबोअर करून मोठे पिस्टन घालावे लागतील, हे ठरतं. झिजलेल्या बोअरमध्ये नव्या रिंगा फार दिवस टिकत नाहीत.

जुनं इंजिन आणून बसवणं: खर्च कमी वाटतो. पण आरसीवर इंजिन क्रमांक असतो आणि बदल आरटीओत नोंदवावा लागतो. बिल आणि इंजिनाच्या मूळ मालकीचे कागद नसतील, तर ते घेऊ नका. चोरीचं निघालं तर जबाब तुम्हाला द्यावा लागेल. आणि तेही इंजिन घेण्याआधी त्याचं कॉम्प्रेशन मोजा.

गॅरेजमध्ये तुमचा हक्क

- जॉबकार्डवर तक्रार, किलोमीटर आणि कामाआधीचे कॉम्प्रेशनचे आकडे लिहून घ्या. काम संपल्यावर तीच मोजणी पुन्हा करून नवे आकडे त्याच कागदावर घ्या. बिलापेक्षा हा पुरावा जास्त बोलका असतो.
- खर्चाचा अंदाज लेखी मागा, आणि जादा काम निघाल्यास आधी विचारावं, असं त्यावर लिहा. व्हॉट्सॲपवरचा संदेशही चालेल.
- बदललेले जुने भाग परत मागा. कामाला होकार देतानाच हे सांगा.
- गाडी वॉरंटीत असेल तर बाहेर इंजिन उघडू नका. अधिकृत केंद्राने वॉरंटीचं काम नाकारलं, तर नकार आणि त्याचं कारण लेखी घ्या.
- झालेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा अधिकार भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार गॅरेजला आहे. म्हणून बिल पटलं नाही तरी वाद घालत गाडी महिनोन्‌महिने अडकवून ठेवू नका. ‘हरकत नोंदवून रक्कम भरत आहे’ असं लिहून पैसे भरा, गाडी सोडवा आणि तक्रार करा.
- चुकीचं निदान, न केलेल्या कामाचं बिल, त्याच दोषाने पुन्हा बंद पडलेली गाडी, ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतली त्रुटी ठरू शकते. आधी गॅरेजला लेखी कळवा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे.
- टॅक्सी किंवा टुरिस्ट गाडी स्वतः चालवून पोट भरणाऱ्यांना अनेकदा सांगितलं जातं, की ‘तुमची गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही.’ हे खरं नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली सेवा कायद्याने व्यापारी कारणातून वगळली आहे. आयोगात जाताना परवाना, बॅज आणि जॉबकार्डवरचे ते आकडे सोबत घ्या.